सोळा विरुद्ध पंधरा

काजमावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे तिच्या सासूबाई, आणि त्याही रागावल्या तरच. बाकी सगळ्यांची ती काजमावशी. बँडवाल्यांचे कोट, दारवानांचे कोट, शाळेच्या शिक्षकांचे कोट, अशा सगळ्या कोटांना हाताने काज करायचं काम ती बावीस वर्षं करत होती. काज म्हणजे बटणाचं भोक, असं एका नव्या पोरीने एकदा तिच्यासमोर म्हटलं होतं. ‘भोक उंदीर पाडतो,’ मावशी म्हणाली, ‘काज करावं लागतं.’ त्या पोरीने पुन्हा कधी तो शब्द तोंडातून काढला नाही.

हा शिवणाचा कारखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खोली लांबट आणि चिंचोळी. मशीनच्या दोन रांगांमधून जाताना चांगल्या खात्यापित्या बाईला पोट आत घ्यावं लागायचं. इस्त्रीचं टेबल दाराशीच होतं, त्यामुळे येणाऱ्याचं स्वागत वाफेने व्हायचं. मोठी खिडकी एकच, आणि तिच्याखाली कापणीचे मास्तर. कारखाना कुणा एका मालकाचा नव्हता, तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचा मिळून होता. तीस बायका आणि एक मास्तर, असे एकतीस जण. बायकांना तिथे नावं नव्हती, म्हणजे होती, पण ती हजेरीच्या वहीत. एरवी जी जे शिवेल तेच तिचं नाव. कॉलरवाली, खिसेवाली, बाहीवाली. काजमावशीची सून कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर होती म्हणून तिला सगळ्या ओव्हरलॉक म्हणायच्या, आणि तीही ‘ओ’ द्यायची.

सगळ्यांचा कारखाना म्हटल्यावर सगळ्यांचं मत घ्यायला हवं, तसं ते घेतलंही जायचं. मास्तर खिडकीपाशी उभे राहून विचारायचे, ‘कुणाची हरकत?’ त्या वेळी त्यांच्या हातात कात्री असायची. आता कात्री त्यांच्या हातात सकाळपासून असायचीच, जेवतानाही ती मांडीवर असायची, पण हरकत घ्यायला तोंड उघडणारीला ती आधी दिसायची. मग ‘मान्य असेल त्यांनी हात वर करा’ म्हणाले की तीस हात वर. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की याला एकमत म्हणतात.

मास्तर वाईट नव्हते. हे आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच त्यांच्यावर दात-ओठ खात बसेल. कापड त्यांच्याइतकं काटेकोर कापणारा दुसरा माणूस त्या गावात नव्हता. पण कापलेले गठ्ठे वाटायचे तेच. सुती मऊ कापडाचा गठ्ठा मिळाला की आठवडा हसतखेळत जायचा आणि जाड कॅनव्हासचा मिळाला की बोटांची सालं निघायची. त्यामुळे मास्तरांशी वाकड्यात शिरायला कुणी तयार नसायचं.

त्या वर्षी मास्तरांनी नवी जागा शोधून काढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऐसपैस, सहा खिडक्या आणि एकाऐवजी तीन संडास. मास्तरांनी त्या जागेचं वर्णन असं केलं की इस्त्रीवालीचा हात थांबला आणि एका पाटलोणीवर करपल्याचा डाग पडला. ‘मग, मान्य असेल त्यांनी हात वर करा,’ ते म्हणाले.

‘हात नको,’ काजमावशी म्हणाली.

बावीस वर्षांत ती सभेत पहिल्यांदा बोलली होती. आपणच बोललो हे तिला जरा उशिराच कळलं.

‘मग काय, पाय वर करायचे?’ मास्तरांनी विचारलं.

‘मत टाकायचं. एकेकीने, पडद्याआड. देश चालवायला तसं चालतं, तर आपल्याला का चालू नये?’

तिचं बोलणं तत्त्वाचं वाटलं तरी मुळात तिचं पोट दुखत होतं ते दुपारच्या वेळेवरून. तिचं घर कारखान्यापासून दोन गल्ल्या टाकून. नवरा जहाजावर आचारी, मुलगा ट्रकवर. दोघे घरी आले की पाहुण्यांसारखे बसायचे आणि तसेच निघून जायचे. घरात राहायच्या चार बायका. सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, काजमावशी, सून आणि सात वर्षांची नात. सासूबाईंना दुपारी कुणीतरी समोर बसून जेवायला घालावं लागायचं. शेजारणीच्या हातचं त्या पाणी घ्यायच्या, घास घ्यायच्या नाहीत. हट्ट म्हणजे हट्ट. त्यामुळे जेवणाच्या अर्ध्या तासात मावशी रोज घरी धावायची, सासूबाईंना भरवायची, त्यांची सकाळपासून साठलेली गाऱ्हाणी ऐकायची आणि परत यायची. कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला की हे संपलं. म्हणजे तिला काम सोडावं लागणार, आणि काम सोडून घरी बसून ती करणार काय? घरातली बटणं उसवून पुन्हा लावत बसणार?

तर मत टाकायचं ठरलं. मास्तरही हो म्हणाले, कारण सहा खिडक्यांना कोण नाही म्हणेल अशी त्यांची खात्री होती. आठवड्याने, शनिवारी सकाळी, असा मुहूर्त काढला.

तो आठवडा कारखान्याच्या इतिहासात लिहून ठेवावा असा गेला. बायका मशीन थांबवून भांडत होत्या. बाहीवाली म्हणाली, तिची नजर अधू होत चालली आहे, तिला खिडकी हवी म्हणजे हवी. कॉलरवालीने विचारलं, की बसमध्ये रोज दीड तास उभं राहून पाय सुजले तर ते त्या खिडकीत वाळत घालायचे का. तीन संडासांवर तर दोन दिवस चर्चा चालली. जिने आजवर ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे शब्द उच्चारला नव्हता त्या खिसेवालीने सगळ्यांना बसच्या वेळा पाठ म्हणून दाखवल्या. काजमावशी एकेकीच्या मशीनपाशी जाऊन आपली बाजू मांडायची. घरी गेली की सुनेपुढे मांडायची. सून भांडी विसळत मान हलवायची. मावशीने ती मान आपल्या बाजूला जमा धरली होती.

आता मत टाकायचं कसं, हा प्रश्न आला. कागदाच्या चिठ्ठ्या कुणीतरी सुचवल्या. पण पाच-सहा बायकांनी शाळा सोडल्यापासून पेन धरलं नव्हतं आणि दोघींनी शाळाच धरली नव्हती. ‘साधी फुलीच तर मारायची,’ मास्तर म्हणाले. कॉलरवाली म्हणाली, ‘माझ्या फुलीचा कोळी होतो.’ तेव्हा काजमावशीला ती नामी कल्पना सुचली. आपण शिवणाऱ्या बाया, आपण सुईने मत देऊ. प्रत्येकीला एकसारखी चिंधी द्यायची. इथेच राहायचं असेल तर पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका, नव्या जागेत जायचं असेल तर काळ्या दोऱ्याचा. टाका घालायचा, चिंधी घडी करून खोक्यात टाकायची. लिहायला नको, वाचायला नको. सगळ्यांना ती कल्पना इतकी आवडली की टाळ्या पडल्या, आणि मावशीला त्या दिवशी जमिनीवरून चालताना जमीन लागत नव्हती.

शनिवारी मास्तरांनी स्वतः निळ्या कापडाच्या एकतीस चिंध्या कापल्या. चिंध्यासुद्धा त्यांनी अशा कापल्या की एकीवर एक ठेवल्या तर कड दिसू नये. मापं घ्यायच्या कोपऱ्यातला पडदा ओढला, आत स्टुलावर दोन सुया ठेवल्या, पांढरा दोरा, काळा दोरा. एकेकजण आत जाऊन येत होती. बाहेर आल्यावर प्रत्येकीचा चेहरा परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखा. मास्तर सगळ्यात लवकर बाहेर आले. ओव्हरलॉकला सगळ्यात वेळ लागला. एका टाक्याला एवढा वेळ, असं मावशीच्या मनात आलं, आणि सून तिनेच तयार केलेली असल्यामुळे तिला थोडी लाजही वाटली.

मोजायला दोघं जण, मास्तर आणि काजमावशी. खोकं कापणीच्या टेबलावर उपडं केलं आणि सगळ्या भोवती जमल्या.

पहिली चिंधी काळी. दुसरी पांढरी. तिसरी उघडून मावशीने उजेडात धरली. तो टाका डावीकडे झुकलेला होता. एकतीस जणांत डावखुरी एकच, बाहीवाली. चौथीवर दोऱ्याचं टोक दाताने तोडलेलं. मावशीने बावीस वर्षं जिला ‘दात जातील’ म्हणून सांगितलं ती कॉलरवाली. पाचवीला मागे भलीमोठी गाठ, ती इस्त्रीवालीची. सहावी मास्तरांनी उघडली, क्षणभर पाहिली, आणि त्यांची नजर आपोआप उचलून खिसेवालीवर गेली. खिसेवालीने मान खाली घातली.

सगळ्या बायका चिंध्यांवर वाकल्या. ज्या बायका एकमेकींचं काम रोज हातात घेतात, उसवतात, नावं ठेवतात, त्यांना एकमेकींचा टाका ओळखू येणार नाही तर कुणाला? लिहिता न येणारीचंही अक्षर असतं, ते तिच्या सुईत असतं, आणि हे त्या खोलीतल्या एकीच्याही डोक्यात आठवडाभर आलं नव्हतं. गुप्त मतदानाला प्रत्येकीने आपली सही करून दिली होती. मावशी तरीही मोजत राहिली, कारण आकडे अटीतटीचे चालले होते. दहा-दहा. तेरा-तेरा. तीस चिंध्या झाल्या तेव्हा पंधरा-पंधरा.

शेवटची चिंधी तिने उघडली. पांढरा टाका. सोळा विरुद्ध पंधरा. कॉलरवालीने पाठीमागून तिला मिठीच मारली, बायका ओरडू लागल्या, आणि मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली, जी ते सहसा ठेवत नसत.

मावशी मात्र चिंधीकडेच बघत होती. दोरा बोटाला तीन वेढे देऊन मारलेली बारीक गाठ. ती गाठ तिने स्वतः सुनेला शिकवली होती. आणि पांढऱ्या टाक्याच्या शेजारी कापडाला दोन बारीक भोकं होती. तिथे आधी एक टाका होता. तो उसवलेला होता. एका भोकात काळ्या दोऱ्याचा तंतू राहून गेला होता, केसापेक्षा बारीक.

तिने वर पाहिलं. सून सगळ्यांच्या मागे उभी होती आणि पायाने जमिनीवरचा दोरा गोळा करत होती.

मावशीला सगळं एका दमात कळलं. पोरीला जायचं होतं. पोरीने काळा टाका घातलाही होता. मग तिला आठवलं असणार की मोजायला सासू आहे, आणि सासू आपली गाठ अंधारातही ओळखेल. इतके दिवस मावशीला वाटत होतं की बायका भितात ती मास्तरांच्या कात्रीला. आपल्याकडेही एक सुई आहे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

चिंधी ढिगात टाकून द्यायची, एवढंच करायचं होतं. कुणी विचारणार नव्हतं. सोमवारी येऊन ती काज करणार होती, दुपारी घरी जाऊन सासूबाईंना भरवणार होती. एका चिंधीवर तिचं सगळं उभं होतं. तिने माठातलं पाणी घेतलं आणि ते सावकाश प्यायली. आयुष्यात इतकं सावकाश पाणी ती कधी प्यायली नव्हती.

‘हे मतदान धरायचं नाही,’ ती म्हणाली.

‘मावशी, आपण जिंकलोय,’ कॉलरवाली तिच्या कानाशी म्हणाली, लहान मुलाला समजावतात तसं.

‘जिंकलोय ते खरं. पण मला सांगा, यातला माझा टाका कुठला?’

तिने ती शेवटची चिंधी मुठीत ठेवून बाकीच्या पसरल्या. डझनभर बोटं एकाच चिंधीवर पडली. एवढा सरळ, मोजून मारलेला टाका दुसऱ्या कुणाचा असणार. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग एक खुसखुस सुरू झाली ती खोलीभर पसरली.

‘बरं, ओळखू आलं,’ मास्तर म्हणाले, ‘म्हणून काय बिघडलं? मी काय कुणाला खाणार आहे?’

‘खाणार नाही,’ खिसेवाली हळूच म्हणाली. ‘पण सोमवारी कॅनव्हासचा गठ्ठा कुणाकडे जातो ते आम्ही बघतोच की.’

असा हशा झाला की खालच्या मजल्यावरच्या छापखानेवाल्याने काठीने छत ठोकलं. मास्तरांचे कान लाल झाले. मग तेही हसले, जरा ओशाळे होऊन.

‘मास्तरांचं सोडा,’ मावशी म्हणाली. ‘मला ओळखू आलं त्याचं काय? मला वाईट वाटेल म्हणून कुणी पांढरा टाका घातला असेल, तर ते मत तिचं नाही, ते माझंच झालं. मग माझी मतं दोन झाली. असं नको.’

तिने सुनेकडे अजिबात पाहिलं नाही. मूठही उघडली नाही. खिशात घातली आणि चिंधी तिथेच सोडली.

दुसरी तऱ्हा शोधायला फार वेळ लागला नाही, कारण आता तीस डोकी त्यात घुसली होती. दोऱ्यात हात ओळखू येतो, बटणात येत नाही. शाळेच्या सदऱ्याची पांढरी बटणं, हजारांनी एकसारखी, प्रत्येकीला एकेक दिलं. पडद्याआड दोन डबे. राहायचं त्यावर खडूने एक रेघ, जायचं त्यावर दोन. बटण पडलं की आवाज येईल म्हणून कॉलरवालीने डब्यांत कापूस घातला. बाहीवाली म्हणाली, हात कुठल्या डब्यात गेला ते कोपरावरून कळतं, तेव्हा प्रत्येकीने हात दोन्ही डब्यांत घालायचा. मास्तरांनी सुचवलं की पडदा जमिनीपर्यंत हवा, पाय कुठे वळले ते दिसतात. ‘बघा, मास्तरांना सगळं माहीत आहे,’ खिसेवाली म्हणाली. तिला आता कोण आवरणार.

पडद्याला खाली हातभर कापड जोडलं, आणि मतदान पुन्हा झालं. या वेळी ओव्हरलॉक आत गेली तशी बाहेर आली.

मावशीने बटणं टेबलावर ओतली आणि पाच-पाचच्या ओळी लावल्या. त्या बटणांकडे तिने डोळे बारीक करकरून पाहिलं. बावीस वर्षं ती या खोलीतला प्रत्येक हात ओळखत आली होती, आणि आज तिच्या पुढ्यात एकतीस बटणं होती जी एक अक्षर बोलायला तयार नव्हती. तिला इतकं हायसं वाटलं की एक ओळ मोजायची राहूनच गेली आणि मास्तरांना ती दाखवावी लागली.

राहायचं, सोळा. जायचं, पंधरा.

मास्तरांनी ओळी पुन्हा एकदा मोजल्या. मग मास्तर म्हणाले, ‘हेच तर आधी होतं. अर्धा दिवस फुकट घालवला.’

‘तेच कसं?’ काजमावशी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. खुर्चीत बसून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आकडा तोच होता, पण माणसं ती नव्हती, एवढं तिला एकटीला पक्कं ठाऊक होतं. इकडची एक तरी तिकडे गेली होती, म्हणजे तिकडची कुणीतरी इकडे आली होती. कोण, ते तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं. पंधरा जणांना जायचं होतं आणि त्यांच्याच शेजारी बसून तिला सोमवारपासून काज करायचं होतं, आणि तरी तिला त्या खोलीतल्या सगळ्या एकदम आवडायला लागल्या होत्या. मास्तरांनी रीतसर जाहीर केलं की कारखाना इथेच राहील आणि बाहीवालीचं मशीन सोमवारी खिडकीखाली येईल, आपलं कापणीचं टेबल ते मागे घेतील. हे त्यांनी कुणी न सांगता केलं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

दुपारी सासू-सून दोघी घरी निघाल्या. पहिली गल्ली मागे पडली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी सून म्हणाली, ‘आई, तुम्ही मला काही विचारत का नाही?’

‘मत विचारणार नाही. तो आता गुन्हा आहे.’ मावशीने चाल कमी केली. ‘पण दुसरं विचारते. ती नवी जागा, तिथे तुला काय आवडलं होतं?’

सुनेने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘शाळा,’ ती म्हणाली. ‘लेकीच्या शाळेच्या समोरच आहे ती जागा. मधल्या सुट्टीत तिला भेटता आलं असतं. ती डबा संपवत नाही हो, कुणी समोर बसलं तरच खाते.’

काजमावशी रस्त्यात उभी राहिली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत तिला वळसा घालून गेला. गेला आठवडाभर ती या पोरीला दुपारच्या वेळेचं महत्त्व सांगत होती. समोर बसून भरवलं की माणूस कसं खातं, हे सांगत होती. आणि पोर भांडी विसळत मान हलवत होती. तिला हवं होतं तेच सुनेला हवं होतं, अगदी तेच, फक्त दुसऱ्या टोकाला. आणि आठ वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं. मावशीला स्वतःचा राग आला आणि सुनेविषयी इतकी माया दाटून आली, की तिने तिच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

‘मग सभेत मांड,’ ती म्हणाली. ‘जेवणाची सुट्टी दोन तासांची हवी म्हण. बसने जाऊन येशील.’

‘मी? सगळ्यांसमोर?’

‘मग काय, मी मांडू? माझी मुलगी आहे का ती?’

‘आणि नाही म्हणाल्या तर?’

‘तर पुढच्या सभेत परत मांडायचं. खिसेवालीला घे बरोबर, ती आता बसवली तरी खाली बसत नाही.’

घराचा दरवाजा आला. सुनेने कडीवर हात ठेवला आणि वळून, जरा भीतभीत पण डोळ्यांत डोळे घालून विचारलं, ‘तुम्ही माझ्या बाजूने मत टाकाल?’

‘ते मी तुला का सांगू?’ काजमावशी म्हणाली.

सून आधी नुसती बघत राहिली. मग जी हसायला लागली ती कडी न उघडताच दाराला टेकली, आणि तिला तसं हसताना बघून मावशीही सुरू झाली. आठ वर्षांत दोघी मिळून इतक्या मोठ्याने कधी हसल्या नव्हत्या. आतून सासूबाईंनी काजमावशीला तिच्या खऱ्या नावाने खणखणीत हाक मारली आणि विचारलं, ‘जेवण आज मिळणार आहे, की त्यावरही मत घ्यायचंय?’